दुपारी एकची मैफल : मायरा हेस

तळटीप (धागालेखिका)

पियानो शिकायला बसले तेव्हा मला बेचाळीस पूर्ण होती. लेकीसाठी घेतलेला कीबोर्ड तिने दीड वर्षात टाकला. मातीमोलाने विकवेना, म्हणून म्हटलं आपणच बसू. सर मूळचे मडगावचे, आता ठाण्यात असतात. बोलणं कमी, पेन्सिल जास्त. गेल्या महिन्यात त्यांनी फायलीतून चार पानं काढून माझ्यासमोर लावली. वर बाख ह्या जुन्या जर्मन संगीतकाराचं नाव, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात आणखी एक : मायरा हेस.

"ह्या कोण?" मी विचारलं. सर म्हणाले, "आधी वाजव, मग सांगतो." वाजवता काही येईना, त्यामुळे त्यांच्यावर सांगायची वेळच आली नाही. मग माझी मीच शोधत बसले. एवढं सापडलं की नवरा म्हणाला, मला नको सांगूस, धागा काढ. काढला.

आधी त्या चार पानांबद्दल. ही सुरावट तुम्ही नक्की ऐकली आहे. कुणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओत, नाहीतर फोनवर थांबवून ठेवतात तेव्हा. 'जीझू, जॉय ऑफ मॅन्स डिझायरिंग' हे तिचं इंग्रजी नाव. बाखच्या १७२३ सालच्या एका कँटाटातला (चर्चमध्ये गायच्या-वाजवायच्या लांब रचनेतला) हा तुकडा. मुळात गाणारे वेगळे, वाजवणारे वेगळे. वाजवणारे तीन-तीन सुरांची अखंड माळ ओवत राहतात आणि मधूनच गाणारे एक संथ भजन घेऊन येतात. हेसबाईंनी हा सगळा प्रपंच दहा बोटांत बसवला आणि १९२६ मध्ये तो छापला गेला.

आता गंमत बघा. उजव्या हाताची वरची बोटं माळ ओवतात. डावा हात खाली खर्ज धरतो. मग भजन कोण गाणार? अंगठे. कधी उजवा, कधी डावा. म्हणजे हातातलं सगळ्यांत जाड, सगळ्यांत धसमुसळं बोट, त्याने गायचं, आणि करंगळीने तोवर वर धावत राहायचं, तेही भजनावर कुरघोडी न करता. माझा अंगठा गात नाही, ओरडतो. सरांनी पानावर अंगठ्याच्या प्रत्येक सुराखाली पेन्सिलीने एक बारकी आडवी रेघ मारली आहे. चार पानांत किती रेघा आहेत ते मी मोजलेलं नाही, मोजणारही नाही.

तर बाई. जन्म २५ फेब्रुवारी १८९०, लंडन. धर्माचार पाळणारं ज्यू घर, चार भावंडांत ही धाकटी. पाचव्या वर्षी पियानो, सातव्या वर्षी ट्रिनिटी कॉलेजचं प्रमाणपत्र (हो, तेच ट्रिनिटी, ज्यांच्या ग्रेडच्या परीक्षांनी आपल्याकडची पोरं रडकुंडीला येतात). पुढे शिष्यवृत्तीवर रॉयल अकॅडमीत, टोबायस मॅथे यांच्याकडे. मॅथे म्हणजे त्या काळचे पियानोचे मोठे गुरू. बोट आपटू नका, दंडाचं वजन पट्टीवर सोडायला शिका, असा त्यांचा सगळा भर.

१४ नोव्हेंबर १९०७ ला, सतराव्या वर्षी, क्वीन्स हॉलमध्ये पहिली मोठी मैफल. हॉल भाड्याने, वाद्यवृंदही भाड्याने, आणि समोर छडी घेऊन टॉमस बीचम, तेही तेव्हा तरुणच. बेथोव्हनचा चौथा कन्चेर्टो (वाद्यवृंदाबरोबरची पियानोची मोठी रचना) वाजवला. लोकांनी कौतुक केलं आणि घरी गेले. पुढची कित्येक वर्षं कार्यक्रम तुरळक आणि शिकवण्या भरपूर. चरित्रात हा काळ दोन ओळींत उरकतात. मला तिथे थांबावंसं वाटलं. पंधरा वर्षं! खरं नाव झालं ते १९२२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला वाजवल्यावर. मग जवळजवळ दरवर्षी बोटीने अमेरिका. १९३६ मध्ये इंग्लंडने सीबीई हा किताब दिला.

आणि मग १९३९. सप्टेंबरात युद्ध जाहीर झालं आणि सरकारने थिएटरं, सिनेमा, मैफलींचे हॉल सगळे बंद केले. बॉम्ब पडला तर एका छपराखाली इतकी माणसं नकोत, म्हणून. रात्री दिवेबंदी. ट्रॅफल्गार चौकातल्या नॅशनल गॅलरीतली चित्रं आधीच वेल्सला रवाना झालेली. नुसत्या भिंती आणि रिकाम्या चौकटी. हेसबाईंचा अमेरिकेचा दौरा ठरला होता. तो त्यांनी रद्द केला आणि गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांच्यापुढे कल्पना मांडली की अधूनमधून इथे दुपारची मैफल केली तर? क्लार्क म्हणाले, अधूनमधून कशाला, रोज करू.

१० ऑक्टोबर १९३९, दुपारी एक. तिकीट एक शिलिंग. गृहखात्याची परवानगी दोनशे माणसांची. पहिल्या दिवशी बाई स्वतःच वाजवायला बसल्या. फसलं तर आपल्या नावावर फसू दे, दुसऱ्या कुणाच्या नको. बाहेर हजारभर माणूस. स्कार्लाटी, बाख, बेथोव्हनची 'आपासियोनाता' सोनाटा (एकट्या पियानोची रचना), शुबर्ट, शोपाँ, ब्राम्स. आणि सगळ्यात शेवटी ती चार पानं.

सोमवार ते शुक्रवार, दुपारी एक. १० एप्रिल १९४६ पर्यंत. साडेसहा वर्षांत १,६९८ मैफली.

बाकी प्रतिसादांत लिहिते, कुकर लावायचाय.

---

कोकणकडा

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचेन.

---

नाममात्र

छान लिहिलंय. एक भाबडा प्रश्न : हेस म्हणजे तो हिटलरचा उजवा हात हेस, त्याच्या नात्यातली का?

---

तळटीप

@नाममात्र, नाही हो, नुसती आडनावं सारखी! पण योगायोग बघा. रुडॉल्फ हेस मे १९४१ मध्ये एकटाच विमान घेऊन स्कॉटलंडात उतरला, आणि त्याच वर्षी इकडे मायरा हेसना 'डेम' किताब मिळाला. त्या महिन्यांत लंडनच्या पेपरांत हेस नावाच्या बातम्या वाचताना लोकांची काय तारांबळ उडाली असेल.

आडनावावरून आणखी एक. आधीच्या महायुद्धात इंग्लंडमध्ये जर्मन आडनाव म्हणजे पाठीला कुलंगडं. १९१७ मध्ये खुद्द राजघराण्याने आपलं जर्मन नाव टाकून विंडसर करून घेतलं. हिचं हेस होतं, ते हेसच राहिलं.

---

शंकासुर

लेख ओघवता आहे, पण मला हे 'बॉम्ब पडत होते आणि ते पियानो ऐकत होते' प्रकरण जरा चोचल्यांचं वाटतं. १९४३ मध्ये बंगालात माणसं उपाशी मरत होती आणि साम्राज्याच्या राजधानीत ब्राम्स चालू होता. आपण त्याचं कौतुक का करायचं?

---

बटवा

शंकासुर, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच करता. परवा पुरणपोळीच्या धाग्यावरही दुष्काळ आणलात.

---

शंकासुर

पुरणपोळीच्या धाग्यावर मी फक्त साखरेबद्दल बोललो होतो. मुद्द्याला उत्तर द्या.

---

तळटीप

देते. बंगालबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे आणि त्याचा हिशोब चर्चिल आणि त्याच्या मंत्रिमंडळाशी. तो पियानोवर फेडून घेता येत नाही, आणि पियानोमुळे तो माफही होत नाही. तो मी ह्या धाग्यात मिटवू बघत नाहीये.

पण 'चोचले' शब्दाशी मी भांडणार. एक शिलिंग म्हणजे पौंडाचा विसावा भाग. एरवी अशा मैफलीला चांगली जागा हवी तर खिसा पाहावा लागे आणि कपडेही. इथे कोण येत होतं? आसपासच्या कचेऱ्यांतले कारकून, टायपिस्ट मुली, सुट्टीवर आलेले गणवेशातले सैनिक. जेवणाच्या सुट्टीत यायचं, जागा नसेल तर जमिनीवर बसायचं. बाजूला कँटीन होतं, तिथली मध-मनुकांची सँडविचेस अख्ख्या लंडनात प्रसिद्ध. पुढे विनोदी नटी म्हणून गाजलेली जॉइस ग्रेनफेल तिथे सँडविचेस करायला असायची. रेशनिंगच्या दिवसांत मध आणि मनुका! मैफलीपेक्षा सँडविचसाठी येणारेही असतीलच, मी असते तर त्यांतलीच.

आणि पैशांचं. वाजवणारा कितीही मोठा असो की नवखा, मानधन सगळ्यांना सारखंच, पाच गिनी (गिनी म्हणजे एकवीस शिलिंग). हेसबाई स्वतः जवळपास दीडशे मैफलींत बसल्या आणि मानधन घेतलं नाही. उरलेली रक्कम अडचणीतल्या संगीतकारांच्या मदतनिधीला. हॉल बंद झाल्यावर हे वाजवणारे लोक खाणार काय, हा प्रश्नही ह्या सगळ्याच्या मुळाशी होता. तो विसरला की नुसतं 'कलेचा विजय' वगैरे उरतं, आणि मग शंकासुर बरोबर ठरतात.

---

कोकणकडा

वाचलं. आकडेमोडीची खोड आहे म्हणून : एकूण श्रोते किती, माहिती आहे का?

---

तळटीप

८,२४,१५२. गॅलरीने मोजून ठेवलेत.

---

कोकणकडा

म्हणजे सरासरी ४८५ माणसं दर मैफलीला. रोज. साडेसहा वर्षं. मधल्या बॉम्बफेकीच्या दिवसांसकट! आमच्या गावच्या संगीत महोत्सवात तिसऱ्या दिवशी कलाकार आणि सतरंजीवाला धरून चाळीस होतात.

---

हाउन्स्लोकर

लंडनहून लिहितोय. नॅशनल गॅलरीने पुढे मायरा हेस दिवस साजरे केलेत. मी एकदा गेलोय, तोही चुकून. आईबाबा आले होते, बाहेर पाऊस, गॅलरी फुकट, म्हणून आत शिरलो. बॅरी रूम्स म्हणून दालनं आहेत, त्यांच्या मधोमध अष्टकोनी खोली आणि वर घुमट. तिथे पियानो ठेवलेला. बाबांना वाटलं तोही प्रदर्शनातलाच, हात लावणार होते.

१९३९ मध्ये मैफली ह्याच घुमटाखाली सुरू झाल्या. पण वर काच! १९४० च्या शरदात बॉम्बफेक सुरू झाल्यावर सगळं बाडबिस्तर तळघरात हलवलं. गॅलरीवर थेट बॉम्ब पडले, एक दालन पार उद्ध्वस्त झालं. एकदा न फुटलेला बॉम्ब सापडला म्हणून त्या दिवशीची मैफल चौकाच्या कडेला साउथ आफ्रिका हाउसमध्ये नेली, पण चुकवली नाही. आणि एकदा असा बॉम्ब मैफल चालू असतानाच इमारतीच्या दुसऱ्या भागात फुटला. खाली बेथोव्हनची क्वार्टेट चालली होती. ते चौघे वाजवत राहिले.

ते ऐकून आई म्हणाली, "अरे पण ह्यांच्या घरी काय वाटत असेल?" मला तो प्रश्न कधी पडलाच नव्हता.

---

बटवा

काकूंना नमस्कार सांगा. प्रश्न हाच खरा.

चित्रांचं पुढे काय झालं? वेल्सला कुठे ठेवली होती?

---

हाउन्स्लोकर

@बटवा, आधी वेगवेगळ्या ठिकाणी, मग १९४१ पासून मॅनॉड नावाच्या डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत. (शाळेतली काळी पाटी ज्याची व्हायची तोच दगड.) आणि एक मस्त गोष्ट : १९४२ पासून लोकांच्या मागणीवरून दर महिन्याला एकच चित्र खाणीतून लंडनला आणायचे आणि तेवढंच भिंतीवर लावायचे. महिनाभर एक चित्र! आता तिथे दोन हजारांहून जास्त चित्रं आहेत आणि लोक एकेकापुढे फोन धरून पळतात. मीही.

---

पेटीवाला

उशिरा आलो. पेटी वाजवतो, पियानोतलं ओ की ठो कळत नाही, पण ती सुरावट काल बसून काढली. काळी-पांढरीची भानगड नको म्हणून त्यांच्या 'जी'ला सा धरला :

सा रे – ग प म – म ध प – प सां नी – सां प ग – सा रे ग...

सगळे शुद्ध स्वर, सरळ बिलावल थाट. तीन-तीनचे गट, म्हणून मी तबलजी मित्राला म्हटलं दादरा धर. त्याने धरला आणि दोन आवर्तनांत थांबला. म्हणाला, ह्यात सम कुठे आहे ते कळतं, पण ते समेवर येऊन बसतच नाहीत, पुढे निघून जातात. बरोबर बोलला. ही माळ श्वास घ्यायला थांबत नाही. गायकाने म्हणायची नव्हेच ती.

तळटीपताई, एक सुचवू? आधी भजनच नुसतं गळ्यावर बसवा. मग माळ वाजवत वाजवत भजन तोंडाने गा. अंगठ्याला नंतर सांगा.

---

तळटीप

पेटीवालादादा, सा रे ग प म लिहून दिलंत त्याबद्दल साष्टांग. सरांनाही दाखवलं. ते चक्क हसले. वर्षात पहिल्यांदा.

---

शंकासुर

मला एक विसंगती वाटते, टोमणा म्हणून नाही, खरंच विचारतो. बाई ज्यू. युद्ध जर्मनीशी. जर्मनीत ज्यूंचं काय चाललंय ते तोपर्यंत सगळ्यांना निदान थोडंफार दिसत होतं. आणि ह्या पहिल्याच दिवशी बाख, बेथोव्हन, शुबर्ट, ब्राम्स असे जर्मन मुलखातले संगीतकार वाजवतात आणि शेवट करतात ख्रिस्ती भजनाने. हे कसं?

---

तळटीप

हाच मला ह्या सगळ्यातला सगळ्यांत आवडलेला भाग. सविस्तर लिहिते.

तिकडे नाझींनी काय केलं होतं? मेंडेल्सन ज्यू कुळातला, म्हणून त्याचं संगीत बंद. ज्यू वादक वाद्यवृंदांतून हाकलले. आर्टुर श्नाबेल, बेथोव्हनच्या बत्तीसही सोनाटांचं पहिलं संपूर्ण ध्वनिमुद्रण करणारा माणूस, त्याला १९३३ मध्ये बर्लिन सोडावं लागलं. म्हणजे नाझींचं म्हणणं असं की बेथोव्हन आमचा आणि तुम्ही त्याला हात लावायचा नाही.

मग लंडनने 'जर्मन संगीत नको' म्हटलं असतं तर नाझींचंच म्हणणं मान्य केल्यासारखं झालं असतं ना? बेथोव्हन त्यांना आंदण! हेसबाईंनी तो देऊन टाकला नाही. मोत्झार्टच्या पियानो कन्चेर्टोंची तर अख्खी मालिका त्या गॅलरीत झाली. निर्वासित होऊन आलेल्या वादकांना तिथे बसवलं. ह्यावर त्यांनी भाषणं ठोकल्याचं मला कुठे आढळलं नाही. कार्यक्रमपत्रिका छापली, बस.

आणि भजनाचं म्हणाल तर, धर्माचार पाळणाऱ्या ज्यू घरातल्या बाईने सजवलेलं लुथरन (जर्मन प्रोटेस्टंट) भजन ख्रिस्ती इंग्लंडच्या घराघरांतल्या पियानोवर जाऊन बसलं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडे ह्यावर किती धागे उडाले असते!

---

अलिबागकर

ज्यू घरावरून आठवलं. आमच्या आळीत बेने इस्राएल कुटुंबं होती. जुनी माणसं त्यांना 'शनवार तेली' म्हणायची, घाणे होते पण शनिवारी बंद. माझी आजी सांगायची की शनिवारी त्यांच्याकडे तेल मागायला जायचं नाही, आणि चूलही पेटत नाही, त्यामुळे वाटीभर साखर मागितली तरी ती मुकाट्याने द्यायची, बोलत बसायचं नाही.

म्हणून प्रश्न पडला, अशा घरातल्या मुलीने शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी मैफली कशा केल्या असतील?

---

तळटीप

@अलिबागकर, किती छान आठवण! मोठेपणी बाई तेवढे काटेकोर आचार पाळत नव्हत्या एवढं नक्की. मैफली करणाऱ्या माणसाला शनिवार सोडून चालत नाही. घरी त्यावरून काय काय झालं असेल ते आपण आपापल्या घरांवरून समजून घ्यायचं.

---

कोकणकडा

अवांतर : ज्यू पियानिस्ट म्हटलं की आमच्यासारख्यांना 'द पियानिस्ट' सिनेमा आठवतो. व्वाडिस्वाफ श्पिलमान. त्याचं आणि हिचं एकाच वेळी चाललेलं!

---

तळटीप

अवांतर नाहीच ते. २३ सप्टेंबर १९३९ ला श्पिलमान वॉर्सा रेडिओवर शोपाँ वाजवत होता, बाहेर तोफा आणि बॉम्ब, त्याच दिवशी केंद्र बंद पडलं. त्यानंतर सतरा दिवसांनी लंडनमध्ये १० ऑक्टोबर. दोघंही ज्यू, दोघंही पियानोवर, आणि मधे इंग्लिश खाडी. ती खाडी नसती तर मायरा हेसचं काय झालं असतं हे सांगायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

आणि तिसरी, प्रागची आलिस हेर्झ-झोमर. १९४३ मध्ये नाझींच्या तेरेझिन छावणीत नवरा आणि लहान मुलासकट पाठवली गेली. तिथे शंभरावर कार्यक्रम केले. शोपाँचे चोवीस एट्यूड (कठीण सरावाच्या रचना) तिला तोंडपाठ. नवरा परतला नाही, ती आणि मुलगा वाचले. पुढे इस्रायल, मग लंडन. २०१४ मध्ये ११० वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत रोज वाजवायची.

ह्या तिघांत मी मायराबाईंचा धागा का काढला? कारण बाकी दोघांच्या कथेत इतकं भयंकर आहे की पियानो मागे पडतो. हिच्या कथेत खुर्च्या मांडणं, परवानग्या, कँटीन, उद्या कोण वाजवणार आणि त्याला सर्दी झाली तर परवा कोण, हे सगळं आहे. आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी सलग तीन वर्षं कार्यक्रम समितीत होते. पाच दिवसांचे पाच कार्यक्रम लावताना जीव मेटाकुटीला आला. एका वर्षी तर ध्वनिक्षेपकवाला आगाऊ पैसे घेऊन आलाच नाही. १,६९८ हा आकडा मला त्या बाजूने दिसतो.

---

पेटीवाला

आता माझं अवांतर. मुंबईतही एक होते : वॉल्टर कॉफमन. १९०७ सालचा जन्म, कार्ल्सबादचे, ज्यू. १९३४ मध्ये मुंबईला आले आणि बारा वर्षं राहिले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. पहाटे केंद्र सुरू होताना तंबोऱ्यावर व्हायोलिनची ती जी धून लागायची, ती त्यांचीच म्हणतात. शिवरंजनीच्या अंगाची.

त्यांनी मुंबईत चेंबर म्युझिकची (दोन-चार वादकांनी मिळून वाजवायच्या संगीताची) मंडळी जमवली होती. कॉफमन पियानोवर, व्हायोलिनवर मेहली मेहता (झुबिनचे वडील), चेलोवर एक इटालियन. सुरुवातीला आपलं हिंदुस्तानी संगीत कॉफमनना अजिबात कळेना, पण इतके चांगले लोक ह्यावर जीव टाकतात तर खोट आपल्या कानात असणार, असं म्हणून ते शिकायला बसले. पुढे अमेरिकेत जाऊन रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिले.

आमच्या घरी ती धून वाजली की आजोबा बंबात लाकडं सारायला उठायचे. ती कुणी केली हे त्यांना कधी कळलं नाही. मलाही कळलं ते पन्नाशीत.

---

बटवा

पेटीवाला, ह्यावर वेगळा धागा काढाच. धून वाचूनच अंगावर काटा आला. आमच्याकडे त्या वेळी दूधवाल्याची किटली वाजायची.

---

नाममात्र

धाग्यावर परत येतो. युद्ध संपल्यावर बाईंचं काय झालं? आणि मैफली का थांबवल्या? चालल्या होत्या की चांगल्या.

---

तळटीप

चित्रं परत आली, भिंती हव्या होत्या. हेसबाईंना मैफली चालू राहायला हव्या होत्या, त्यासाठी त्यांनी खटपटही केली. गॅलरीच्या विश्वस्तांनी नाही म्हटलं आणि ते त्यांना फार लागलं. गॅलरीच्या बाजूने बघितलं तर चित्रांच्या घरात चित्रं नकोत का, हे बरोबरच. तरी साडेसहा वर्षं रोज चाललेलं घर कुणीतरी 'आता आवरा' म्हणतं तेव्हा बरोबर-चूक कोण बघतं?

मग पुन्हा अमेरिका. १९४६ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला वाद्यवृंद संचालक तोस्कानिनींबरोबर बेथोव्हनचा तिसरा कन्चेर्टो, रेडिओवर. १९५२ मध्ये फ्रान्समधल्या प्रादला चेलोवादक कासाल्सच्या उत्सवात व्हायोलिनवाले आयझॅक स्टर्न आणि खुद्द कासाल्स यांच्याबरोबर ब्राम्सची ट्रायो (तिघांची रचना). ती मुद्रित आहे, जरूर ऐका. पियानो त्यात कुठेही पुढे घुसत नाही.

स्टुडिओत मुद्रण करणं त्यांना मुळीच आवडायचं नाही. आपल्याच तबकड्या ऐकणं म्हणजे आपल्याच अंत्ययात्रेला जाण्यासारखं, असं म्हणायच्या. त्यामुळे एवढ्या मोठ्या कारकिर्दीच्या मानाने ध्वनिमुद्रणं थोडी.

१९६१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेरीस रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये एड्रियन बोल्ट यांच्याबरोबर मोत्झार्टचा ए मेजर कन्चेर्टो वाजवला, तो शेवटचा. २५ नोव्हेंबर १९६५ ला लंडनला गेल्या. लग्न केलं नाही. शिष्यांत पियानोवादक स्टीव्हन कोवासेविच. आणि हे ऐकून मी उडाले, जॅझवाल्या डेव्ह ब्रूबेकची आई इंग्लंडला येऊन ह्यांच्याकडे शिकली होती. शिकागोत त्यांच्या नावाने दर बुधवारी दुपारी फुकट मैफल असते, १९७७ पासून.

---

हाउन्स्लोकर

त्या गॅलरीतल्या मैफली प्रत्यक्ष दिसतात बरं का. हम्फ्री जेनिंग्जचा 'लिसन टू ब्रिटन' म्हणून १९४२ चा छोटा माहितीपट आहे, वीसेक मिनिटांचा. त्यात बाई हवाई दलाच्या वाद्यवृंदाबरोबर मोत्झार्ट वाजवताहेत. काळा पोशाख, केस मागे घट्ट बांधलेले, अगदी आमच्या गणिताच्या बाईंसारख्या. श्रोत्यांत राणी बसलेली, आणि भिंतीवर रिकाम्या चौकटी. कॅमेरा राणीवर जेवढा थांबतो तेवढाच सँडविच खाणाऱ्या माणसांवर थांबतो.

---

शंकासुर

पाहिला तो माहितीपट. सरकारी प्रचारपट आहे हे आधी नोंदवतो. बरा आहे, हे नंतर नोंदवतो.

ती चार पानंही ऐकली, १९४० चं त्यांचं स्वतःचं मुद्रण. चांगलं आहे. पण मला नुसती वरची माळच ऐकू येते. ते भजन नक्की आहे कुठे?

---

तळटीप

शंकासुर, इयरफोन लावा. सुरुवातीला माळ एकटीच येते, तिच्याकडे लक्ष देऊ नका, ती तुम्हाला ओढत नेते. थोडं थांबा. माळ चालू असतानाच तिच्या खाली, मधल्या पट्टीत, कुणीतरी लांब सूर धरेल. तो वाजल्यावर विरत नाही, पुढच्या सुराला हात देतो. ते अंगठे आहेत.

सापडलं नाही तर सांगा, पेटीवालादादा गाऊन पाठवतील.

---

पेटीवाला

पाठवतो. फक्त रात्री नऊनंतर, शेजारी लहान बाळ आहे.

---

शंकासुर

सापडलं.